मस्कॅट, मोस्कातो, मस्कॅटेल: या चुका टाळा

मस्कॅट हे एका सुवासिक द्राक्षाचं नाव. मुंबईत हा शब्द चार ठिकाणी भेटतो आणि दर वेळी वेगळ्या वेषात. वाइन शॉपच्या फ्रिजमध्ये 'मोस्कातो', ख्रिसमस केकच्या जुन्या इंग्रजी कृतीत 'मस्कॅटेल', दार्जिलिंग चहाच्या महागड्या डब्यावर पुन्हा 'मस्कॅटेल'. फळवाल्याकडे भेटतो तेव्हा तर त्याने नावच बदललेलं असतं, ते पुढे येईलच. मग होतं काय, की कुणी केकसाठी बाटली विकत आणतो, कुणी चहाच्या पत्तीत द्राक्षाचा अर्क शोधतो, आणि एखादे काका छातीठोकपणे सांगतात की ही ओमानची द्राक्षं.

या सगळ्या घोळाचं मूळ एकच आहे. मस्कॅट हे नाव वासावरून पडलंय. गाव, रंग, गोडी यांतलं काहीही त्या नावात नाही. तेवढं लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

द्राक्षाला मस्कतच्या विमानात बसवू नका

ही चूक मुंबईकराच्या हातून व्हायचीच. आखातात नोकरीला असलेला कुणीतरी प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत सापडतो. आपल्याकडे डाळिंबाची 'मस्कत' नावाची जुनी जातही आहे. मग द्राक्ष तरी तिथलंच का नसावं? त्यात रोमन लिपीत शहराचं आणि द्राक्षाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच.

पण द्राक्षाचं नाव आलं ते कस्तुरीकडून. फारसीत कस्तुरीला 'मुश्क' म्हणतात, अरबीत 'मिस्क'. तिथून हा शब्द ग्रीक आणि लॅटिनमध्ये गेला, आणि ज्याला दाट, गोडसर सुगंध आहे त्या प्रत्येक वस्तूला युरोपात त्याची शेपटी लागली. 13व्या शतकातल्या लॅटिन लिखाणात या द्राक्षाच्या वाइनचा उल्लेख मिळतो. आता गंमत अशी, की फारसी 'मुश्क' हा आपल्या संस्कृत 'मुष्क'चा भाऊबंद आहे आणि संस्कृतात मुष्क म्हणजे वृषण. कस्तुरीमृगाच्या पोटाखालची सुगंधी ग्रंथी दिसायला तशी, म्हणून ते नाव. कोशकार आणखी एक पायरी मागे जातात आणि 'मुष्क'चं नातं 'मूष'शी, म्हणजे उंदराशी जोडतात: छोटा उंदीर. हे नातं धरलं तर ज्या बाटलीभोवती एवढा थाट चालतो तिच्या नावाचं मूळ गणपतीच्या वाहनापाशी निघतं. पाहुण्यांसमोर सांगायला चांगली गोष्ट आहे, फक्त जेवण झाल्यावर सांगा.

या शब्दाचं गोत मोठं आहे. मस्कमेलन म्हणजे आपलं खरबूज. कस्तुरी भेंडीच्या शास्त्रीय नावात 'मोस्केटस' आहे तोही हाच. गटाराच्या कडेने चिर्र करत पळणाऱ्या चिचुंद्रीला इंग्रजीत 'मस्क श्रू' म्हणतात, तिथेही हीच कस्तुरी, आता तो वास कुणाला कस्तुरीचा वाटला ते तो नाव ठेवणाराच जाणे. आणि जायफळाचं जुनं लॅटिन नाव 'नुक्स मुस्काता', म्हणजे कस्तुरीगंधी कवचफळ. त्यामुळे फ्रेंच कृतीत 'म्युस्काद' किंवा जर्मन कृतीत नुसतं 'मुस्काट' दिसलं तर किसणी काढा, बाटली उघडू नका. तिथे जायफळच हवंय.

आणखी एक लोकप्रिय थाप म्हणजे माशी. लॅटिनमध्ये माशीला 'मुस्का' म्हणतात, म्हणून 'गोड द्राक्षांवर माश्या घोंगावतात, त्यावरून मुस्कात' असं सांगितलं जातं. ऐकायला चपखल आहे, म्हणूनच पसरतं. रोमन लेखक प्लिनी मधमाश्यांना आवडणाऱ्या 'एपियाना' द्राक्षांबद्दल लिहितो आणि ते मस्कॅटच असावं असं बरेच जण धरून चालतात. असेलही. पण 'एपियाना' हे नाव मधमाशीवरून आलंय, त्याचा 'मुस्का'शी काही संबंध नाही.

लिहिताना मी साधा नियम पाळते. शहर मस्कत, द्राक्ष मस्कॅट. बाटली इटलीची असेल तर मोस्कातो, स्पेन-पोर्तुगालची असेल तर मोस्कातेल, इंग्रजीतून आलेला चहा किंवा मनुका असेल तर मस्कॅटेल. एकाच मेन्यूकार्डावर 'मस्कत वाइन' आणि 'मॉस्कॅटो' असं दोन्ही छापलेलं दिसलं की वाटतं, ओमानच्या वकिलातीने तरी हरकत घ्यावी.

'मस्क' दिसलं की नातं लावू नका

वर गोत मोठं म्हटलं, पण द्राक्षांच्या बाबतीत नाव सारखं म्हणून जात सारखी असं होत नाही. फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली 'म्युस्कादे' ही कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), आंबटसर, मासळीबरोबर झकास लागणारी वाइन 'मेलों द बुरगॉन्य' नावाच्या द्राक्षापासून होते, त्यात मस्कॅट औषधालाही नसतं. बोर्दोकडचं 'म्युस्कादेल' हेही वेगळंच द्राक्ष. अमेरिकेतलं 'मस्कॅडाइन' तर वेगळ्या प्रजातीचं, जाड सालीचं. खरी मस्कॅट घराण्यातली दोनशेवर द्राक्षं आहेत, पण आपल्याला तीन पुरतात: बारीक दाण्याचं पांढरं मस्कॅट, अलेक्झांड्रियाचं मस्कॅट आणि काळं हॅम्बुर्ग मस्कॅट. ही आज्जी, मुलगी आणि नात आहेत. डीएनए तपासणीत तसंच निघालं: अलेक्झांड्रियाचं हे बारीक दाण्याच्या मस्कॅटचं अपत्य, आणि हॅम्बुर्ग हे अलेक्झांड्रियाचं.

मस्कॅट म्हणजे गोडच, असं धरून चालू नका

दुकानात सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. इटलीच्या पीडमाँटमधली मोस्कातो द'आस्ती गोड असते, किंचित फसफसते आणि तिच्यात अल्कोहोल जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बिअरइतकंच. कारण साखर पूर्ण आंबायच्या आत रस थंड करून किण्वन थांबवतात. दक्षिण फ्रान्सच्या बोम द व्हनीझची मस्कॅट पण गोडच, पण तिचं किण्वन थांबवतात ते स्पिरिट ओतून. म्हणून ती 15 टक्क्यांची. एक ग्लासभर प्यायची, दुसरी छोट्या पेल्यात जेवणानंतर. ऑस्ट्रेलियातल्या रदरग्लेनची मस्कॅट पिपात वर्षानुवर्षं मुरून गुळाच्या काकवीसारखी काळपट होते. आणि फ्रान्सच्याच आल्सासमध्ये याच द्राक्षाची वाइन परंपरेने कोरडी करतात: नाकाला वाटतं गोड असणार, जीभ म्हणते छे.

तेव्हा लेबलावर द्राक्षाचं नाव बघून बाटली उचलू नका. आधी अल्कोहोलचा टक्का बघा, मग गाव बघा. पाच-सहा टक्के असेल तर गोड आणि हलकी, पंधराच्या पुढे असेल तर गोड आणि जड, बारा-तेरा असेल तर बहुधा कोरडी. हा ठोकताळा आहे, पण काउंटरवर मागे रांग लागलेली असताना ठोकताळाच कामाला येतो.

वासाकडे परत येऊ, कारण नाव त्याचं आहे. मस्कॅटमध्ये कस्तुरी नसते. तिथे असतात लिनालूल, जेरॅनिऑल आणि नेरॉल ही तीन सुगंधी द्रव्यं. लिनालूल धण्यात भरपूर असतं. जेरॅनिऑल गुलाबात असतं आणि रोशा गवतातही. त्या गवताचं तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. भेसळीची परंपरा वाइनवाल्यांकडेही होतीच. जर्मनीत व्यापारी ऱ्हाइनच्या साध्या वाइनमध्ये एका जातीचं सेज (एक सुगंधी वनस्पती) आणि एल्डर नावाच्या झुडपाची फुलं भिजवून ती मस्कॅटेल म्हणून खपवायचे, आणि ते सेज अजूनही जर्मनमध्ये 'मुस्काटेलर सेज' म्हणूनच ओळखलं जातं. तेव्हा पेला नाकाशी नेल्यावर कस्तुरीची किंवा मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराची अपेक्षा ठेवू नका. गुलाब, संत्र्याचं फूल आणि ताज्या द्राक्षाचा वास आला की ती मस्कॅट. इतर वाइनना लिंबू, पेरू, चामडं असे कसकसले वास येतात, पण द्राक्षाचा वास येणारी वाइन जवळजवळ ही एकटीच.

केकच्या कृतीतलं मस्कॅटेल ओतू नका, ते भिजवायचं असतं

वांद्र्याच्या किंवा गिरगावच्या एखाद्या घरात आजीच्या वहीत उतरवून घेतलेली ख्रिसमस केकची कृती असते. तिच्यात 'अर्धा पौंड मस्कॅटेल' असं लिहिलेलं असतं. वजन पौंडात दिलंय, यातच सगळं आलं: या मनुका आहेत. अलेक्झांड्रियाचं मस्कॅट घोसासकट उन्हात वाळवून केलेल्या, मोठ्या, बियांच्या, चिकट मनुका. स्पेनच्या मालागाकडच्या डोंगरउतारांवर त्या अजून तशाच वाळवतात. सिसिलीत तर या द्राक्षाला 'झिबिब्बो' म्हणतात, जे अरबी 'झबीब'वरून आलंय, आणि झबीब म्हणजे मनुकाच.

मुंबईत त्या सहज मिळत नाहीत, मग लोक सांगलीचा बेदाणा घालतात. बेदाणा चांगलाच आहे, पण तो वेगळ्या कामाचा. 'बे-दाना' म्हणजे बी नसलेला. तासगाव-सांगलीकडे थॉम्पसनसारखी बिनबियांची द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात, म्हणून तो हिरवट-सोनेरी आणि चवीला सरळ गोड राहतो. शिऱ्यात, पुलावात तोच हवा. केकला जो गडद, थोडा तुरट मुरलेपणा लागतो तो त्यात नाही.

मशीद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटात सुकामेव्यावाल्याकडे बियांच्या मोठ्या काळ्या मनुका मागा. 'औषधाच्या मनुका' म्हटलं की तो नेमक्या काढून देतो, कारण त्या बहुतेक रात्री भिजवून सकाळी खाणारेच नेतात. घरी आल्यावर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. फुगल्या की अंगठ्याच्या नखाने देठाकडून चिरून दाबा, बिया बाहेर येतात. बोटं चिकट होतात म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवा. बिया राहिल्या तर केक कडवट लागतो आणि दाताखाली आलेली पहिली बी नेमकी सासूबाईंच्याच वाट्याला जाते. मस्कॅटचा फुलांसारखा वास यात नसणार. तो हवाच असेल तर भिजवायच्या रममध्ये संत्र्याची साल आणि गुलाबपाण्याचे दोनच थेंब टाका. तिसरा थेंब पडला की केकचा गुलाबजाम होतो.

चहात द्राक्ष शोधू नका

दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडीच्या, साधारण मे-जूनमधल्या चहाला 'मस्कॅटेल' म्हणतात ते वासाच्या साम्यावरून. त्यात ना द्राक्ष, ना वाइन. तुडतुडे आणि फुलकिडे पानांचा रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच मस्कॅटच्या वासाच्या जवळची निघतात. आपला द्राक्षबागायतदार ज्या तुडतुड्यांवर फवारणी करतो, त्याच जातकुळीच्या किड्यांमुळे तिकडे चहाचा भाव वाढतो. या चहात दूध घातलं की तो वास मेला. दूध-आल्याचाच चहा प्यायचा असेल तर आसामचा घ्या, पैसेही वाचतील.

पन्नीर म्हणजे पनीर नव्हे

आता फळवाला. माटुंग्याच्या बाजारात कधी कधी लहान, गोल, जांभळट-काळी, बियांची द्राक्षं दिसतात. विचारलं तर 'पन्नीर' किंवा 'गुलाबी' असं उत्तर मिळतं. हेच आपलं हॅम्बुर्ग मस्कॅट. तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातल्या कंबम खोऱ्यात त्याच्या मोठ्या बागा आहेत. एका फ्रेंच धर्मगुरूने 1832 मध्ये ते तिकडे आणलं असं सांगतात, आणि 2023 मध्ये कंबमच्या पन्नीर द्राक्षाला भौगोलिक मानांकन मिळालं. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. युरोपने या वासाला कस्तुरी म्हटलं, तमिळ माणसाने गुलाबपाणी म्हटलं. जेरॅनिऑलचा विचार केला तर तमिळ माणसाचंच नाक बरोबर.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे बंगळूर ब्लूला मस्कॅट समजणं. तेही काळं, बियांचं, वासाचं, पण त्याचा वास बाटलीबंद द्राक्षरसासारखा, थोडा उग्र. त्याची साल दाबली की गर सटकन निसटतो. पन्नीरचा एक दाणा घ्या, दोन बोटांत चुरडा आणि हुंगा. गुलाब आला तर मस्कॅट. फळवाला वैतागेल, पाव किलो घेऊन टाका.

दुसरी चूक म्हणजे नाशिकच्या द्राक्षांत हा वास धुंडाळणं. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस: गोड, करकरीत, बिनबियांची, पण यातलं एकही मस्कॅट नाही आणि त्यांनी ते व्हावं अशी अपेक्षाही नाही. डब्यात द्यायला ती उत्तम. मस्कॅट चाखायचं असेल तर बिया थुंकायची तयारी ठेवा.