पेशंटला हात लावण्याआधी: फिजिओच्या इंटर्नसाठी

नेरुळला आमच्या वॉर्डात नवीन इंटर्न आले की थेट बेडपाशी जाऊन गुडघा वाकवायला लागतात. तसं करू नका. आधी सिस्टरना गाठा, तेही रात्रपाळीच्या सिस्टर घरी जायच्या आत. झोप लागली का, बीपी किती, दुखण्याची गोळी कधी दिली, एवढं विचारा. पॅरासिटामॉल पोटातून घेतली की लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. गुडघा बदललेल्या आजी ‘आज नको गं’ म्हणतात, तेव्हा बरेचदा गोळीच पोहोचलेली नसते.

फ्रॅक्चरच्या पायावर किती भार द्यायचा, हे ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागाच्या, रेसिडेंट डॉक्टरकडून फाइलवर लिहून घ्या. राऊंडमध्ये जाता जाता म्हटलेल्या ‘चालवा’वर कुणाला चालवू नका.

उभं केल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर झोपवा आणि डॉक्टरांना फोन करा. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर कुणी धावत येत नाही. असं सांगा: ‘बेड बारा, लकव्याचा तिसरा दिवस. उभं केल्यावर वरचं बीपी १४० वरून ११० वर आलं, चक्कर आली, झोपवलंय. औषधं एकदा बघून जाता का?’

लकव्याच्या पेशंटची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घोटभर पाणीही देऊ नका, मुलगा कितीही गळ घालो. उजवी बाजू गेलेल्या काकांना आपलं बोलणं कितपत कळतंय, हे स्पीच थेरपिस्टला विचारा. कळत नसेल तर एका वेळी एकच सूचना, तीही हातवारे करून. उगाच मोठ्यानं ओरडू नका, ते बहिरे नाहीत.

आता मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस. दिवसभर पेशंटला उचलतात, वळवतात ते हेच. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं की खांदा दुखावतो, आणि आपली आठवडाभराची मेहनत पाण्यात. ऑक्युपेशनल थेरपीची मुलं आणि नर्सिंगच्या मुली यांच्याबरोबर एक दुपार ठरवा, मावशींना बोलवा, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं बेडवरून खुर्चीत घेऊन बघा. वेगवेगळ्या शाखांनी एकमेकांकडून, एकमेकांबरोबर शिकावं हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे या शाखा भेटतात फक्त कँटीनमध्ये.

एमएसडब्ल्यू मॅडमना, म्हणजे हॉस्पिटलच्या समाजसेविकेला, पहिल्याच दिवशी घराबद्दल विचारा. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास भारतीय, हे कळलं की सराव त्या बेतानं करता येतो. जिन्याचा सराव डिस्चार्जच्या दिवसावर ढकलू नका. त्या दिवशी नातेवाईक बिलाच्या रांगेत असतात.