स्वस्त रेड वाइनची दोन सालं ताडून पाहताना या चुका टाळा

एकाच रेड वाइनच्या दोन सालांच्या बाटल्या उघडल्या, एकेक घोट घेतला आणि मी निकाल देऊन मोकळा झालो: जुनी भारी, नवी उगाच तुरट. मग आठवलं, नवी बाटली नुकतीच फ्रिजमधून निघाली होती आणि जुनी दिवसभर ओट्यावर उभी होती. वाइन गार असली की टॅनिनचा, म्हणजे द्राक्षातून येणाऱ्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा वाढतो आणि वास दबतो. कोमट झाली की अल्कोहोल नाकात शिरतं. म्हणजे मी तापमानच चाखत होतो. आता दोन्ही बाटल्या एकत्र फ्रिजमध्ये जातात आणि एकत्रच बाहेर येतात. 16 ते 18 अंश सेल्सिअस बरं, पण थोडं इकडेतिकडे झालं तरी दोन्ही सारख्या हव्यात.

दुसरी खोड म्हणजे एक ग्लास संपवून मग दुसरा हातात घेणं. टॅनिन तोंडात साचत जातं, त्यामुळे नंतरची वाइन हमखास जास्त तुरट लागते. दोन्ही ग्लास शेजारी ठेवा, थोडं थोडं ओता, मध्ये पाणी प्या आणि उलट क्रमानेही चाखा.

‘चांगलं साल’ या शब्दांवर तर अजिबात भाळू नका. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या वाइनची 2009 आणि 2010 ही सालं नावाजलेली आहेत, पण तो लौकिक मुख्यतः वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी बनवलेल्या महागड्या बाटल्यांचा. स्वस्त रेड बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कड विटकरी झाली असेल आणि फळाचा ताजा वास गेला असेल, तर ती वाइन मुरलेली नाही, उतरलेली आहे.

लेबलवरचं साल द्राक्षतोडणीचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे 2019 ची चिलीची वाइन 2019 च्या स्पॅनिश वाइनपेक्षा सुमारे सहा महिन्यांनी थोरली. अल्कोहोलचा आकडाही वाचा. एका साली 13 टक्के आणि दुसऱ्या साली 14.5 असेल, तर द्राक्षं जास्त पिकलेली होती: ऊन कडक पडलं असेल, किंवा तोडणी लांबली असेल. चवीतला निम्मा फरक तिथेच सापडतो.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सालाला बोल लावू नका. तो बहुतेक वेळा बुचातून उतरलेल्या टीसीए या रसायनाचा दोष; तो हलवून जात नाही, बाटलीच बदला. काडी ओढल्यासारखा वास मात्र ग्लास घोळवून दहा मिनिटं ठेवला की बहुधा उडतो.

एवढं सांभाळूनही लेबल दिसत असेल तर नाक त्याचंच ऐकतं. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोन एका सालाचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता ते ओळखा. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून हा खेळ पाच-सहा वेळा करा. मी केला तेव्हा सहापैकी दोनदाच जमलं. त्याच दोन सालांमधल्या ‘नाजूक फरकां’वर माझ्या वहीत आधीच दीड पान भरलेलं होतं.