जुनी माझदा एमएक्स-५ घेताना या चुका टाळा

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ पहिल्यांदा लोकांपुढे आणली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन आसनी, उघडणाऱ्या छताची स्पोर्ट्स कार शोधू लागले की बहुतेकदा सर्वांत आधी हीच समोर येते, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना घरच्या मोठ्या गाडीखेरीज हौसेची दुसरी गाडी हवी असते, त्यांची नजरही बहुधा हिच्यावरच पडते. किंमत आवाक्यातली, सुटे भाग सहज मिळणारे आणि यंत्र साधे, ही कारणे खरीच आहेत. मात्र यंत्र दणकट आहे म्हणजे गाडी दणकट आहे असे मानणाऱ्याची फसगत होते, कारण ब्रिटनमध्ये या गाड्या भंगारात जातात त्या इंजिनामुळे क्वचित, आणि गंजामुळे बऱ्याचदा.

सगळा वेळ बॉनेट उघडून उभे राहण्यात घालवणे

पहिल्या पिढीतील (१९८९ ते १९९७) गाड्यांचे इंजिन थंड असताना सुरू केल्यावर वरच्या भागातून टकटक ऐकू येते आणि अनेक ग्राहक तिथेच घाबरून परत फिरतात. हा आवाज बहुधा व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक लिफ्टरचा असतो. तेल गरम झाल्यावर तो थांबत असेल तर त्याची फारशी चिंता नको, वेळेवर तेल बदलल्याने तो पुष्कळदा कमी होतो. उलट इंजिन आधीच गरम करून ठेवलेले आढळले, तर विक्रेत्याला ते का करावे लागले हे विचारावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी थंड इंजिन पाहण्यासाठी पुन्हा जावे.

लक्ष द्यायचेच तर ते अगदी सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांकडे द्यावे. साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत बनलेल्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि तिथली चावी (पुली जागी धरणारी छोटी पट्टी) व खाच झिजून पुली डगमगू लागण्याचा दोष त्यांत आढळला. ओळखण्याची खूण सोपी आहे: खालच्या पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर ते आखूड टोकाचे इंजिन, आठ दिसल्या तर सुधारलेले. चार खाचा असलेली प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही, पण इंजिन चालू असताना पुली डोलत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदलायचा असतो. तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असे धरूनच किंमत ठरवावी. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याऐवजी तपकिरी पडली असेल तर ती ठिसूळ झालेली असते. क्लचचा पेडल मऊ लागत असेल किंवा रिव्हर्स गिअर अडकत पडत असेल, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमधून तेल गळत असते. ही दुरुस्ती स्वस्त आहे, घासाघीस करायला मात्र चांगली उपयोगी पडते.

छतावरचे पाणी कुठून बाहेर जाते हे न तपासणे

माझ्या मते या गाडीच्या खरेदीतील सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. कापडी छतावर पडलेले पाणी मागच्या कडेला असलेल्या पट्टीत गोळा होते, तिथून आसनांमागच्या दोन कोपऱ्यांतील नळ्यांमधून खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, गाडीच्या तळाशी बाहेर पडते. कौलारू घराची पन्हळ पाल्याने तुंबली की पाणी जसे भिंतीत मुरते, तसेच इथे होते: झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पाने आणि माती नळीत साचतात, पाणी आत तुंबते आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्ये शिरते. सिल आतून कुजत जातो, वरचा रंग मात्र बराच काळ चकचकीत राहतो. रंगाला फोड आलेला दिसेपर्यंत आतल्या पत्र्याचे बरेचसे काम तमाम झालेले असते.

म्हणून छत अर्धे उघडून आसनांमागचे कोपरे बोटांनी चाचपावेत, तिथला गालिचा उचलून ओल आणि कुबट वास आहे का ते पाहावे, आणि विक्रेत्याच्या परवानगीने दोन्ही नळ्यांत बाटलीभर पाणी हळूहळू ओतून ते खाली बाहेर येते का याची खात्री करावी. ज्या विक्रेत्याला या चाचणीची भीती वाटते, त्याला उत्तर आधीच ठाऊक असण्याची शक्यता मोठी. नंतर मागच्या चाकाच्या पुढे सिलच्या टोकाला आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या काठाला अंगठ्याने जोर देऊन पाहावे. निरोगी पत्रा दबत नाही. कापडाच्या आत लोहचुंबक घेऊन सिलवरून फिरवला तर जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरली आहे हे कळते.

दुसऱ्या पिढीच्या (१९९८ ते २००५) गाडीत आणखी एक जागा दडलेली असते. पुढच्या बाजूला इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या चासीच्या पेटीसारख्या दांड्यांत दुहेरी पत्रा आहे, त्या दोन पत्र्यांमध्ये ओल साचते आणि गंज आतून बाहेर येतो. हा भाग खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाने झाकलेला असल्याने उभ्याने पाहून काहीच दिसत नाही. तो कुजला की गाडी वार्षिक एमओटी (रस्त्यावर चालण्यायोग्यतेच्या) चाचणीत नापास होऊ शकते, आणि तिथले वेल्डिंग कुशल हातांचे, म्हणून खर्चिक काम असते. दुसऱ्या पिढीची गाडी लिफ्टवर चढवून, आवरण काढून पाहिल्याशिवाय घेऊ नये; स्वतःला जमत नसेल तर एखाद्या मेकॅनिकला तासाभराचे पैसे देऊन दाखवावी.

तळाच्या ताज्या काळ्या रंगावर भरवसा ठेवणे

"नुकतेच अंडरसील केले आहे" हे वाक्य जाहिरातीत वाचून हायसे वाटते, पण ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गंज साफ न करता त्यावर फासलेला जाड काळा थर ओल आतच कोंडून ठेवतो. काम करण्यापूर्वीची छायाचित्रे मागावीत. ती नसतील तर त्या थराला गुण देऊ नयेत. जपानहून वापरलेल्या स्थितीत आलेल्या, युनोस रोडस्टर नावाच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांबद्दलही अशीच समजूत आहे की त्या गंजत नाहीत. त्या उतरल्या तेव्हा पुष्कळशा खरोखर स्वच्छ होत्या, पण त्यानंतर ब्रिटनच्या मिठात अनेक हिवाळे काढलेल्या गाडीला जपानी जन्माचा काही उपयोग उरत नाही. शिवाय अशा गाडीचा मूळ मीटर किलोमीटरमध्ये असतो आणि पुढे तो मैलांत बदललेला असतो, त्यामुळे जुन्या नोंदीतील आकडे कोणत्या एककातले आहेत हे जुळवून पाहावे लागते.

नवी पिढी म्हणजे निर्धोक असे मानणे

२००५ ते २०१५ च्या तिसऱ्या पिढीत टायमिंग बेल्टऐवजी चेन आली, आणि विजेवर सुमारे १२ सेकंदांत दुमडणारे कडक छतही मिळू लागले. त्या छताचे पाणीही नळ्यांतूनच जाते, तेव्हा वरील चाचणी टळत नाही, आणि ते न थांबता, न अडकता पूर्ण उघडते-मिटते का हे दोन-तीनदा पाहावे. तेलपट्टी स्वतः काढून तेलाची पातळी पाहावी. २०१५ पासूनच्या चौथ्या पिढीतील सुरुवातीच्या २.० लिटर गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बिघाड झाल्याच्या तक्रारी होत्या आणि माझदाने पुढे त्यात बदल केले; म्हणून अशा गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन आवाज ऐकावा, आणि गिअरबॉक्स बदलला असल्यास त्याचे कागद पाहावेत.

पहिल्या पिढीच्या छताची मागची खिडकी प्लॅस्टिकची असते आणि छत दुमडण्यापूर्वी तिची झिप उघडून ती सपाट ठेवावी लागते. थंडीत विक्रेता ती तशीच दुमडू लागला तर त्याने गाडी कशी वापरली हे वेगळे विचारायला नको. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिक्कीत असते, आणि तिथे साधी बॅटरी बसवून वायू बाहेर जाण्याची नळी जोडली नसेल तर खालचा पत्रा खाल्ला जातो. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला ओल्या रस्त्यावर बेमेळ टायर झेपत नाहीत. चाकांच्या अलाइनमेंटचे बोल्ट गंजून जाम झाले असतील तर गाडी सरळ करणेच अशक्य होते, म्हणून अलीकडच्या अलाइनमेंटची पावती असल्यास उत्तम. टर्बो किंवा खाली बसवलेले सस्पेन्शन लावलेल्या गाड्या मी तरी टाळेन: विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो आणि आधीच्या मालकाची हौस कोणत्या दर्जाची होती हे बाहेरून समजत नाही.

कागद शेवटी पाहणे

खरे तर गाडी पाहायला जाण्यापूर्वीच नोंदणी क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास मोफत वाचता येतो. पास-नापास एवढेच न पाहता दर वर्षीच्या सूचना सलग वाचाव्यात: सिलवरील गंजाची सूचना दोन वर्षे दिसून तिसऱ्या वर्षी अचानक नाहीशी झाली, तर मधल्या काळात वेल्डिंग झाले की नुसता रंग, हे विचारायला हवे. मैलांचे आकडेही तिथे असतात. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, याची चौकशी थोडे पैसे भरून करता येते. ऑक्टोबर २०१७ पासून सांगाड्याला इजा झालेल्या गाडीला एस आणि तशी इजा नसलेल्या गाडीला एन अशी वर्गवारी दिली जाते, त्यापूर्वीच्या नोंदी सी आणि डी अशा सापडतील. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) हा मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून विकणाऱ्याचे नाव-पत्ता त्याच्याशी जुळत असला तरी सहीची पावती वेगळी घ्यावी.

लंडनमध्ये राहणाऱ्याने एक हिशेब आणखी करावा. २९ ऑगस्ट २०२३ पासून प्रदूषण शुल्काचा यूलेझ विभाग शहराच्या सर्व भागांत लागू आहे, आणि युरो ४ या प्रदूषण मानकाखालच्या पेट्रोल गाडीला चालवलेल्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड पडतात. पहिल्या दोन पिढ्यांतील अनेक गाड्या त्यात अडकतात. नेमकी गाडी बसते की नाही हे क्रमांक टाकून आधी पाहावे, कारण स्वस्तात मिळालेली १९९८ ची गाडी दर शनिवार-रविवारी फिरवली तर वर्षभरात तिच्या किमतीचा मोठा भाग शुल्कातच जाऊ शकतो. आणि व्यवहार झाल्यावर किल्ली हातात आली तरी लगेच निघू नये: ब्रिटनमध्ये रोड टॅक्स गाडीसोबत नव्या मालकाकडे जात नाही, तो लॉगबुकातील नव्या मालकाच्या चिठ्ठीवरील १२ अंकी क्रमांक वापरून आपण स्वतः भरायचा असतो, आणि तो व विमा दोन्ही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.