परदेशी अनुदानासाठी आपल्या बाजूची तयारी

अमेरिकेतली एखादी संस्था ‘तुमच्या दवाखान्यासाठी आम्ही आमच्या सरकारकडे अर्ज करतो’ म्हणाली की आपण पहिल्यांदा मशिनचे कॅटलॉग मागवतो. आम्हीही तेच केलं होतं. नौपाड्यातल्या कार्यालयात बसून शहापूर तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यासाठी सोनोग्राफीचं मॉडेलसुद्धा ठरवून टाकलं, आणि तिकडून पहिला कागद मागितला गेला तो जमिनीचा. तो मिळायला दीड वर्ष गेलं. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या संस्था आता या वाटेवर आहेत, त्यांचा हा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं समजून घ्या की पैसे मागणारे आपण नसतो. अमेरिकेच्या 1961च्या परदेशी मदत कायद्यात कलम 214 आहे. अमेरिकी नागरिकांनी स्थापन केलेल्या किंवा पाठबळ दिलेल्या परदेशातल्या शाळा, ग्रंथालयं आणि वैद्यकीय शिक्षण-संशोधन करणारी रुग्णालयं यांना त्यातून मदत देता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला आणि बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाला या मार्गाने मदत मिळालेली आहे. अर्ज अमेरिकेतली ना-नफा संस्था करते, आपण लाभार्थी संस्था. पैसा मुख्यतः बांधकाम आणि टिकाऊ उपकरणांसाठी असतो, पगार-औषधांसाठी नाही. ही योजना चालवणाऱ्या यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेचं परदेशी मदतीचं काम 1 जुलै 2025 रोजी थांबलं आणि उरलेली जबाबदारी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका हाताशी असल्या तरी त्यावर विसंबू नका. सध्या अर्ज कुठे आणि कशासाठी मागवले जात आहेत, हे जोडीदार संस्थेकडून लेखी घ्या. योजना कुठलीही निघो, आपल्या बाजूचे कागद तेच लागतात.

आता ट्रस्टची फाइल काढा. धर्मादाय कार्यालयातून पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, ताजा उतारा घ्या आणि त्यावरची विश्वस्तांची नावं आजच्या मंडळाशी जुळतात का ते पाहा. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो, आणि तो राहून जाणं हे आपल्याकडच्या लहान ट्रस्टांचं जुनं दुखणं आहे. आमच्या उताऱ्यावर अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या दोन विश्वस्तांची नावं होती. उशीर माफ करण्याचा अर्ज, मृत्यूचे दाखले, त्या वेळच्या सभेचं इतिवृत्त, नोटिसा असं सगळं करत आम्ही पुढे सरकलो. मग प्रत्येक विश्वस्ताचं आधार, पॅन आणि इतिवृत्तातलं नाव एकाशेजारी एक ठेवून वाचा. एकाच बाईंचं नाव एका कागदावर ‘सुनीता’, दुसऱ्यावर ‘सुनिता’, तिसऱ्यावर माहेरच्या आडनावानं असं असतं, आणि ऑनलाइन अर्जाचं पोर्टल तिथेच अडतं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, आयकर सवलतीची प्रमाणपत्रं (1961च्या कायद्यातली 12एबी आणि 80जी), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब याच फाइलमध्ये ठेवा.

जमिनीला मात्र घाई करून चालत नाही. आमची जागा एका सद्गृहस्थांनी तोंडी दिलेली. त्यांच्या हयातीत कुणी शंका घेतली नाही, पण सातबारा त्यांच्याच नावावर राहिला आणि नंतर तिथे चार वारस लागले. त्यातले तिघं आसपासचे, एक मुलगी डोंबिवलीला. चौघांनीही शब्द पाळला, हे मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यांनी बक्षीसपत्र नोंदवून दिलं, मग फेरफार झाला, आणि संस्थेचं नाव लागलेला सातबारा हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. तुम्ही सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग आणि इतर हक्काचा रकाना नीट बघा. शहापूर, मुरबाडकडे मूळ जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर सरकारी पूर्वमंजुरीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, आणि अशा जागेवर इमारत मागणं हे त्या कुटुंबावरही अन्यायच आहे. त्याखेरीज लागू असेल तिथे एनए (बिगरशेती वापराची परवानगी), बांधकाम परवानगी आणि आधीच्या इमारतीचे दाखले. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत असाल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि अग्निशमन दलाच्या फायर एनओसीशिवाय पुढची चर्चाच होत नाही.

एफसीआरए, म्हणजे आपला परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, हा सगळ्यात कडक भाग. परदेशी सरकारचा पैसा असो की परदेशी संस्थेचा, गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले दिसायला हवेत. एवढं काम झालेलं नसेल तर ठरावीक देणगीदार आणि ठरावीक प्रकल्पासाठी पूर्वपरवानगी मागता येते. त्याला देणगीदाराचं रक्कम आणि हेतू लिहिलेलं पत्र लागतं.

इथे परदेशातल्या आपल्या माणसांचा प्रश्न येतो. न्यू जर्सीत भाऊ संस्था चालवतो आणि ठाण्यात बहीण, हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे. पण पूर्वपरवानगीच्या नियमांत घेणाऱ्या संस्थेचा प्रमुख कार्यकारी हा देणाऱ्या संस्थेत असता कामा नये, आणि आपल्या कार्यकारिणीतले किमान 75 टक्के लोक तिकडचे सदस्य किंवा कर्मचारी नसावेत, असं आहे. कुणी कुठून बाजूला व्हायचं हे अर्जाआधीच घरात बोलून ठरवा. बोलणं अवघड जातं, पण नंतर फार महागात पडतं.

पैसा दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेच्या शाखेतून कागद पाठवता येतात. तिथून खर्चासाठी ठाण्यातल्या बँकेत वेगळं खातं उघडता येतं. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपर्यंतच, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तेव्हा ‘अर्धी मशिनं मुरबाडच्या मित्रसंस्थेला देऊ’ असं प्रस्तावात चुकूनही लिहू नका. बोटीने आलेलं यंत्रसुद्धा परदेशी देणगीच धरलं जातं. एफसी-4 हे वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरायचं, पैसा आला नसेल तरी शून्याचं. आणि विश्वस्तांना हे स्वच्छ सांगा की नोंदणी रद्द झाली तर या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाच्या ताब्यात जाते.

मग मशिन. सोनोग्राफीला पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी, एक्स-रेला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, जैववैद्यकीय कचऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी. महावितरणकडून थ्री-फेजचा भार वाढवून मिळेल का, हे कोटेशन मागवण्याआधी विचारा. चालवणारा तंत्रज्ञ कोण आणि पाच वर्षांचा देखभाल करार कोणाच्या पैशातून, हे प्रस्तावात आकड्यासह लिहा, कारण परीक्षक तेच शोधत असतात. अमेरिकी सरकारी अनुदानातून हिकव्हिजन किंवा दाहुआचे कॅमेरे घेता येत नाहीत. सीसीटीव्हीच्या कोटेशनमध्ये ही नावं येऊ शकतात, म्हणून विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा. अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, आपलं 1 एप्रिलला. हिशेबनिसाला पहिल्या दिवसापासून दोन्ही वर्षांचे खाने आखायला लावा.

शेवटच्या तारखेचं सांगते. वॉशिंग्टनचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. आपले कागद जोडीदार संस्थेकडे आठवडाभर आधी पोहोचवा. ज्या विश्वस्तांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, ते त्या दिवसांत गावी जत्रेला जाणार नाहीत ना, हे विचारून ठेवा.