मोरचूद: जपायचं कसं, वापरायचं कसं

मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरून बसलेलं कॉपर सल्फेट. खनिज म्हणून त्याला चाल्कँथाइट म्हणतात. तांब्याच्या खाणींत, त्यातही चिलीतल्या चुकिकामातासारख्या कोरड्या प्रदेशांत, ते टिकून राहतं. पाऊस पडतो तिथे वाहून जातं. वजनाचा सुमारे चौथा हिस्सा तांबं आणि ३६ टक्के पाणी. निळा रंग या पाण्यामुळेच आहे. खडा तापवून पाणी घालवलं की पांढरी भुकटी उरते, तिच्यावर थेंबभर पाणी टाकलं की ती पुन्हा निळी होते.

जपताना हेच पाणी सांभाळायचं असतं. २५ अंश तापमानाला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली गेली की स्फटिक पाणी सोडू लागतो आणि त्यावर पांढरट साय धरते. म्हणून डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकू नका. इतर खनिजांना ती राखते, याला खाते. घट्ट झाकणाची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी, ऊन आणि दिव्याच्या उष्णतेपासून दूर, एवढं पुरतं. साय धरलेला खडा दमट हवेत निळा होतो, पण आधीची पारदर्शकता परत येत नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका. पाण्याने धुवायचं नाही: २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम विरघळतं, आणि कडा सगळ्यात आधी जातात. कडकपणा मोह्स मापावर २.५, म्हणजे जेमतेम नखाइतका, तेव्हा दुसऱ्या खड्यांशेजारी सुटं ठेवू नका. विकत घेताना एक लक्षात असू द्या: दगडावर बसवलेले मोठे, झगझगीत स्फटिक बहुतेकदा प्रयोगशाळेत वाढवलेले असतात.

बागेत मोरचूद बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या पाण्यासाठी, लागतं, तेही बुरशीला रोखायला. रोग फैलावल्यावर फवारून फारसा उपयोग नाही. १० लिटर एक टक्का मिश्रणाला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम ताजा कळीचा चुना घ्या. भांडी प्लॅस्टिकची. लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत तांबं धातूवर बसतं, बादली खाल्ली जाते आणि द्रावण कमकुवत होतं.

मोरचुदाची कापडी पुरचुंडी ५ लिटर पाण्यात तळाशी न टाकता पृष्ठभागालगत टांगा. विरघळलेलं द्रावण जड असल्यामुळे निळ्या दोऱ्यांसारखं खाली उतरत राहतं आणि पुरचुंडीला सतत ताजं पाणी मिळतं. तळाशी टाकलेला खडा स्वतःच्याच दाट द्रावणात अडकतो. रात्रभर ठेवलं की काम होतं. चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो फोडा (डोळे जपा, उकळी फुटते), मग पाणी घालून ५ लिटर करा आणि थंड झाल्यावर गाळा, नाहीतर फवाऱ्याचं तोंड चोंदतं. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओता आणि ढवळत राहा. उलट केलं तर कण जाड होऊन लवकर तळाशी बसतात.

मग स्वच्छ लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, ते पानं जाळेल. थोडं चुन्याचं पाणी घालून पुन्हा तपासा, खिळा तसाच राहीपर्यंत. हवेत उघडा पडून जोर गेलेला चुना वापरला की हे हमखास होतं. मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळं झालं की पानाला नीट चिकटत नाही. कोवळ्या पानांवर आणि ओलसर, थंड हवेत फवारू नका, चुना बरोबर असूनही डाग पडतात.

मोरचूद विषारी आहे. हातमोजे आणि चश्मा घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, बरणीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. डोळ्यांत गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. उरलेलं द्रावण तळ्यात, ओढ्यात किंवा गटारात ओतू नका: अगदी थोडं तांबंही मासे मारतं.