एबीएचं मास्टर्स करताय? मग अभ्यासाला सुरुवात इथून करा

अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिसच्या (एबीए, म्हणजे वागणं मोजून ते का होतं आणि कसं बदलतं याचा अभ्यास) मास्टर्सला बसलं की बरेच जण पहिल्या आठवड्यात व्याख्यांचे फ्लॅशकार्ड बनवायला घेतात. माझं म्हणणं, ते नंतर करा, आधी नीट बघायला आणि बघितलेलं नीट लिहायला शिका.

आणि त्याच्याही आधी, म्हणजे फी भरायच्या आधी, सर्टिफिकेशन कुठलं हवंय ते ठरवा. अमेरिकेतलं बीएसीबी बोर्ड बीसीबीए हे बिहेवियर ॲनालिस्टचं सर्टिफिकेशन देतं, पण 2023 पासून अमेरिका-कॅनडा सोडून बहुतेक देशांतल्या लोकांचे नवे अर्ज ते घेत नाही. बाकीच्यांसाठी आयबीएओ, क्यूएबीए अशा संस्था आहेत, प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, त्यामुळे हा कोर्स नक्की कुणाच्या अटीत बसतो ते युनिव्हर्सिटीकडून लेखी मागून घ्या. बीसीबीएच्या पाचव्या टास्क लिस्टमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या ठरलेल्या यादीत, कोर्सवर्क 315 तासांचं होतं, त्यातले 90 तास नुसत्या मूळ संकल्पनांना, आणि सुपरवाइज्ड फिल्डवर्कचे 2000 तास वेगळेच.

आता बघण्याचं. "मूल चिडचिड करतं" असं वाक्य वहीत येऊच देऊ नका, कारण चिडचिड मोजता येत नाही. त्याऐवजी लिहा, "हातातली वस्तू एक मीटरपेक्षा लांब फेकणं, धक्का लागून पडली तर धरायची नाही." मग एखाद्या मित्राला घेऊन दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ दोघांनी वेगवेगळं बसून मोजा. समजा एकाचे 8 आले, दुसऱ्याचे 10, तर 80 टक्के जुळलं, आणि साधारण तेवढं चालतं. पण थांबा, आकडे जुळले म्हणजे दोघांनी तेच बघितलं असं नाही ना, कदाचित एकाने सुरुवातीचे जास्त धरले आणि दुसऱ्याने शेवटचे. म्हणून एकेका मिनिटाचे तुकडे पाडून परत जुळवा. जिथे जुळत नाही तिथे वाद घालू नका, व्याख्या दुरुस्त करा. हे दोन-तीनदा केलं की मेजरमेंटचा अख्खा पेपर सोपा वाटायला लागतो, खरंच.

निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा, ही चूक जवळपास सगळेच करतात. समजा मुलाने वर्कशीट ढकललं, बाईंनी ते उचलून ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्याने आणखी लवकर ढकललं. इथे दोन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने. वागणं पुढे वाढलं की कमी झालं? वाढलं, म्हणजे रीइन्फोर्समेंट. काही दिलं की काढून घेतलं? काम काढून घेतलं, म्हणजे निगेटिव्ह. मूल खूश होतं की रडत होतं याचा उत्तराशी काही संबंध नाही.

याच धाग्याने फंक्शनकडे, म्हणजे त्या वागण्यातून मुलाला काय मिळतं त्याकडे, जा. 1982 चा इवाटा आणि सहकाऱ्यांचा फंक्शनल ॲनालिसिसचा पेपर मूळातून वाचा, नोट्सवर भागवू नका. एकच मूल वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून बघायचं, लक्ष मिळतं तेव्हा, काम सांगितलं जातं तेव्हा, एकटं असताना, आणि तुलनेला खेळताना. हे कळलं की लक्षात येतं, काम टाळायला ओरडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं होतं तेच आपण दिलं! 1968 चा बेअर, वुल्फ आणि रिसली यांचा पेपर छोटा आहे, त्यातली एबीएची सात परिमाणं पहिल्या सेमिस्टरला एकदा आणि शेवटी परत एकदा वाचा.

रिसर्च डिझाइनचे ग्राफ हाताने काढा. एबीएबी डिझाइनमध्ये, म्हणजे उपाय नाही, आहे, परत नाही, परत आहे अशा क्रमात, उपाय काढून घेतला की वागणं पहिल्यासारखं व्हायला हवं, पण वाचायला शिकलेलं मूल ते विसरणार कसं, तिथे मल्टिपल बेसलाइनच लागतं, म्हणजे उपाय काढायचा नाही, तो वेगवेगळ्या मुलांवर किंवा कौशल्यांवर वेगवेगळ्या वेळी सुरू करायचा.

एथिक्स शेवटच्या सेमिस्टरवर ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती. ऑटिस्टिक मोठी माणसं लहानपणीच्या एबीए थेरपीबद्दल काय सांगतात ते ऐका, त्यातलं बरंच ऐकायला जड जातं पण ऐका. ध्येय लिहायचं असाइनमेंट आलं की शेजारी एक ओळ लिहा, हे बदलल्याने मुलाचं काय सोपं होणार. हात फडफडवणं थांबवायचंय, पण त्याने कुणाला इजा होत नाही आणि ती ओळ रिकामीच राहतेय, तर ते ध्येय खोडा आणि त्या मुलाला आपलं म्हणणं सांगता येईल असं काहीतरी निवडा, ब्रेक मागणं, नको म्हणणं, दुखतंय ते दाखवणं.