थारला लिफ्ट किट: दोन इंचांवर का थांबलो

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेची पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोल होते. २०२०मध्ये आलेल्या महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या खालच्या भागापर्यंतचं अंतर) २२६ मिमी, तरी मधला उंचवटा पोटाला घासायचा. मागे खताच्या पिशव्या भरल्या की गाडी आणखी बसायची.

म्हणून लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारे सुटे भाग, बसवायचं ठरवलं. नागपुरात आधी स्पेसरच, म्हणजे स्प्रिंगला लावायचे ठोकळे, सुचवले गेले. स्वस्त आहेत, पण स्प्रिंग जुनीच राहते. उंची वाढते, वजन पेलायची ताकद नाही. म्हणून जरा कडक स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअब्झॉर्बर घेतले, दोन इंचांचे. घासणं थांबलं. चार इंच नकोच, कारण या थारचं पुढचं सस्पेंशन स्वतंत्र आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होतात. उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, त्याचे सांधे (सीव्ही जॉइंट) आणि त्यांचे रबरी बूट लवकर जातात. मारुती जिप्सीसारख्या, दोन्ही चाकं एकाच सरळ अ‍ॅक्सलवर असलेल्या गाडीचं गणित वेगळं.

हेही पक्कं लक्षात घ्या: अशा लिफ्टने मागचा डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा) तसूभरही वर येत नाही, कारण तो स्प्रिंगच्या खाली, अ‍ॅक्सलवरच असतो. त्याला मोठे टायरच लागतात. आमची अडचण पोटाची होती, टायर कंपनीचेच ठेवले.

बसवल्यावर लगेच चाकांची अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. आणि सस्पेंशनच्या आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.